कोमट गाठ

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गिरधरनानांनी गच्चीवर तिसरी गादी उसवली, तेव्हा चारुलताबाईंचा धीर सुटला. पहिली उसवली तेव्हा त्या हसल्या होत्या. दुसरीच्या वेळी, ढेकूण झाले असतील, बघू दे यांना, म्हणून गप्प बसल्या होत्या. तिसरी मात्र लेकीच्या बाळंतपणासाठी मुद्दाम भरून घेतलेली आणि तेव्हापासून कपाटावर गुंडाळून ठेवलेली गादी. तिची शिवण नानांनी ब्लेडने सर्रकन कापली, उजवा हात कोपरापर्यंत आत सारला आणि डोळे मिटून बसून राहिले. अडलेल्या म्हशीला तपासणारा गुरांचा डॉक्टर बसतो, तसे.

"काय हुडकताय एवढं?" बाईंनी विचारलं.

"कुठंतरी धुमसतंय," नाना म्हणाले. "तुला वास येत नाही?"

बाईंना कसलाच वास येत नव्हता. गच्चीभर कापूस उडत होता आणि साठीला आलेला, चारचौघांत मान असलेला आपला नवरा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला त्या बघत होत्या. त्यांनी खाली जाऊन लेकीला फोन लावला आणि बोलता बोलता रडल्या.

नाना सर्व्हेअर होते. जमीन मोजणारे नव्हेत, विम्याचे. ट्रकमधला माल वाटेत नासला, भिजला, जळाला, की विमा कंपनी ज्याला बघायला पाठवते तो माणूस. जळगावात ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. रावेरची केळी दिल्लीला पोचेपर्यंत काळी पडली, डाळ मिलची तूरडाळ पोत्यातच पेटल्यासारखी गरम झाली, की नाना स्कूटर काढत. सोबत एक लोखंडी सळई. ती पोत्यात, ढिगात, गंजीत खुपसायची, थोडा वेळ ठेवायची आणि बाहेर काढून मनगटाला लावायची. ही विद्या त्यांना कुठल्या परीक्षेने दिली नव्हती. धरणगावकडच्या त्यांच्या गावी त्यांचा बाप वना कडब्याची गंजी रचली की असंच करायचा. "गंजीले बी ताप येस, पोऱ्या," बाप सांगायचा. "वरथून समजस नही." पुढे सळईचाही कंटाळा आला आणि नाना सरळ हातच घालू लागले. त्यांचा हात अर्ध्या अंशाचा फरक ओळखतो, असं लोक म्हणत. लोक काय, थोडं वाढवूनच म्हणतात, पण फार वाढवलेलं नव्हतं.

दुसरी ख्याती होती सचोटीची. एका केळीवाल्याने ओसरीवर करंडी ठेवून दिली, तर नानांनी ती रिक्षात घालून परत पाठवली आणि रिक्षाचं भाडंही स्वतः दिलं. "मी जे दिसलं तेच लिहितो," हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की चारुलताबाई भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच ऐकवत, "जे दिसलं तेच लिहा हो."

या धंद्यात एक कलम आहे, ते समजल्याशिवाय नानांची गोष्ट समजायची नाही. काही मालाचा दोष त्याच्या अंगातच असतो. केळं पिकणारच, गूळ पाझरणारच. अशा अंगच्या दोषाने माल गेला, तर ट्रकवाला जबाबदार नाही आणि विमा कंपनीही भरपाई देत नाही. मालकाने आपलं नशीब आपण सोसावं. पण ट्रकवाल्याच्या हलगर्जीने माल गेला असेल, तर कंपनी मालकाला भरपाई देते आणि मग ट्रकवाल्याच्या मागे लागते. म्हणजे सगळा निकाल सर्व्हेअरच्या एका ओळीवर. दोष मालाचा, की माणसाचा?

आणि कापसाच्या ट्रकला आग लागली, कारण सापडेना, की त्या ओळीत काय लिहायचं याची खानदेशातली रीत ठरून गेलेली होती. ड्रायव्हरची विडी. पंचनाम्यात 'अज्ञात इसम' लिहितात ना, तशी. सगळे लिहीत, सगळ्यांना माहीत असे, आणि कोणाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नसे. विडी लिहिली की मालकाचं भागे, ट्रकवाल्याचाही विमा असे, कंपन्या कंपन्या आपसांत बघून घेत. ड्रायव्हरला मालकाच्या चार शिव्या बसत, आणि ड्रायव्हर तर शिव्या खायलाच जन्माला आलेला. नानांनीही तीस वर्षांत बऱ्याच वेळा विडी लिहिली होती. करंडी परत करणारा हा माणूस विडी लिहिताना मात्र कधी थांबला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये प्रेमराज शेठच्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यातून, गुजरातकडे निघालेला शंभरावर गाठींचा ट्रक शिंदखेड्याच्या पुढे भर दुपारी पेटला. तिसऱ्या दिवशी नाना तिथे पोचले. रस्त्याच्या खाली, पडीक वावरात, ट्रकचा सांगाडा उभा होता. ड्रायव्हरचं नाव अन्वर, राहणार धुळं, वय पन्नाशीचं, दाढी पांढरी व्हायला लागलेली. आरशात धूर दिसल्यावर पुढे पेट्रोल पंप आहे हे ओळखून त्याने गाडी वावरात उतरवली होती आणि ताडपत्रीचे दोर सोडताना दोन्ही पंजे भाजून घेतले होते. हातांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून तो गाडीची राखण करत बसला होता. नाना उन्हातून धापा टाकत आले, तेव्हा त्याने पाण्याची कॅन दोन मनगटांत धरली आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"तू पी ना," नाना म्हणाले. त्याचे ओठ भेगाळलेले होते.

"नही साहेब, तुम्ही प्या."

नाना प्याले, तोंड धुतलं आणि कामाला लागले.

जळलेल्या मालातून काही समजत नाही. पण एक गाठ गाडीतून घरंगळून बांधाला अडकली होती आणि जवळजवळ शाबूत होती. नानांनी लोखंडी पट्ट्या तोडल्या, कापसाचे थर उलगडले. वरून दुधासारखी पांढरी. वीतभर आत गेल्यावर पिवळट, मग तपकिरी, आणि मधोमध नारळाएवढी काळी पोकळी. आग बाहेरून आत गेली नव्हती, आतून बाहेर येत होती. नानांनी पोकळीत हात घातला. तीन दिवस झाले होते, तरी आत कोमट होतं. जिवंत काहीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं कोमट.

"गरम शे ना, साहेब?" मागून अन्वर म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कळलं नव्हतं.

नानांनी हात बाहेर काढला. रुमालाला हात पुसला, मोबाइलवर एक फोटो काढला आणि गाठीवर पाणी ओतून घ्यायला सांगितलं.

तिथून ते प्रेमराजच्या जिनिंगवर गेले. हमालांचा मुकादम भटू, त्याने न विचारताच सांगून टाकलं. ट्रक भरण्याच्या आदल्या दिवशी जिनात ठिणगी उडाली होती. कपाशीत एखादा खडा, खिळा आला की उडते. अशा वेळी त्या दिवसाच्या गाठी चार-सहा दिवस आवारात लांब, एकेकट्या ठेवायच्या असतात, कारण ठिणगी दाबाखाली गाठीच्या पोटात जाऊन बसते आणि मुंगीच्या पावलाने दिवसचे दिवस कापूस खात राहते. पण ट्रक दारात उभा होता, गुजरातवाला फोनवर फोन करत होता. गाठी चढल्या.

"एक गाठ कोमट लागी ऱ्हायंती, नाना," भटू म्हणाला. "मी त्या डायव्हरले सांगं. त्यानी गाल लाईसन दखा, शेठकडे गया. शेठ म्हने, उनमा पडेल व्हती, ऊन लागनं."

शेठ, म्हणजे प्रेमराज, हा नानांचा शाळासोबती. एका बाकावर बसून एका पाटीवर लिहिलेले. तो काही राक्षस नव्हता. जिन चालवणारा, साठ माणसांना सहा महिने काम देणारा, लग्नकार्यात पुढे होणारा साधा माणूस. त्याने काही लपवलं नाही. नानांसमोर खुर्चीत बसला आणि पोरासारखा रडला.

"भाऊ, तू गाठनाच दोष लिखशी तं मन्हं बठ्ठं जाई. विडी लिखी टाक. कोन्हा बापनं काय जास?"

नानांनी रात्रभर विचार केला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबरच लिहून टाकलं: दुपारी तीनच्या सुमारास चालकाने ओढलेल्या विडीची ठिणगी मालावर पडून आग लागली असावी. फोटो जोडला नाही. भटूचं नाव घेतलं नाही. प्रेमराज वाचला, कंपनीचं काम वेळेत झालं, साप मेला आणि काठीही मोडली नाही, या समाधानात नाना जेवायला बसले. घास तोंडाशी नेला आणि हाताला वास आला. जळक्या कापसाचा, गोडसर, घशात बसणारा. त्यांनी उठून साबणाने हात धुतला. चारुलताबाईंना वाटलं, केवढी ही स्वच्छता.

वास तेव्हापासूनचा. आधी महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. स्कूटरच्या डिकीत, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात, एकदा तर देवघरात वातींच्या डबीत. नाना डबीत बोट घालून बघायचे. गार. तरी उजव्या तळव्याला कोमट लागायचं. वात वाढलाय, ॲसिडिटी आहे, असं डॉक्टरला सांगून त्यांनी गोळ्या आणल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. नानांच्या मनात चांदणंसुद्धा नव्हतं, नुसता धूर होता, आणि तो कुठून येतोय हे त्यांना कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मग गेल्या जानेवारीच्या शेवटी एक मुलगी दारात आली. चोवीस-पंचवीसची, डोक्यावर ओढणी, खांद्याला शिक्षिकेची असते तशी पिशवी.

"मी निलोफर. धुळ्याहून आले. अन्वर ड्रायव्हरची मुलगी."

"बसा, बसा. कसे आहेत ते?"

"डिसेंबरमध्ये गेले."

नाना काहीतरी पुटपुटले. चारुलताबाई चहा ठेवायला आत गेल्या. निलोफरने मोबाइल काढून समोर धरला. पडद्यावर नानांचाच रिपोर्ट होता, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत गेलेला, कडा कापलेला.

"सर, ही ओळ. दुपारी तीन वाजता विडी. सर, तो रमजानचा तिसरा दिवस होता. अब्बांचा रोजा होता."

नानांना आधी समजलंच नाही. मग समजलं.

निलोफर शांतपणे सांगत गेली, मुलांना धडा सांगावा तशी. ट्रान्सपोर्टवाल्याने अब्बांना काढलं, त्याचं त्यांना एवढं लागलं नाही. नोकऱ्या जातात. पण हा कागद मोहल्ल्यात पोचला. भर रमजानात, भर दुपारी विडी ओढली आणि वरून गाडी जाळली. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, म्हणाले लोक. अब्बांनी शपथा घेतल्या. सरकारी कागद खोटा कसा असेल, असं लोकांनी विचारलं. हा कागद सरकारी नाही, हे कोणाला कळणार? एका बुजुर्गांनी मायेनेच सांगितलं, अन्वर, चूक झाली तर झाली, रोजा मोडला असेल तर सलग साठ रोजे धर, अल्ला माफ करणारा आहे.

"अब्बा म्हणाले, जो मोडलाच नाही त्याच्यासाठी साठ कसे धरू? धरले तर मी मोडला असं होईल. त्यांनी नाही धरले. मग मशिदीत मागच्या रांगेत बसायला लागले. मग घरीच नमाज पढायला लागले. त्यानंतरचा रमजान आला तेव्हा संध्याकाळी रोजा सोडायला कोणाकडे गेले नाहीत, कोणी बोलावलंही नाही. हातगाडीवर केळी विकायचे. डिसेंबरमध्ये गाडीवरच छातीत दुखलं."

चहा आला. तिने कपाला हात लावला नाही.

"मला पैसे नकोत, केसही करायची नाही. विडी नव्हती, एवढं एका कागदावर लिहून द्या. अम्मीला हवंय. ती म्हणते, त्यांच्या नावावर हे राहायला नको." तिने मोबाइल पिशवीत ठेवला. "अब्बा म्हणायचे, साहेबाने गाठीत हात घातला होता, साहेबाला ठाऊक आहे. तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत सर. वाट बघायचे."

नानांनी घसा साफ केला. आणि इतक्या वर्षांत तोंडात बसलेलं वाक्यच तोंडातून आलं.

"मी जे दिसलं तेच लिहितो, बेटा. रिपोर्ट एकदा गेला की तो कंपनीचा होतो. माझ्या हातात काही नाही."

निलोफरने त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या. मग पिशवी उचलली आणि "बरं," म्हणून निघून गेली. कपातल्या चहावर साय धरली होती. नानांना त्या दिवसापासून घरात वास सारखा येऊ लागला.

गाद्या उसवल्या त्या यानंतर. तिन्ही गाद्यांत काही नव्हतं. मग ते बिनगादीचे, फरशीवर सतरंजी टाकून झोपू लागले. दिवसा ऑफिसात बसले की खिडकीतून फाटकाजवळ कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसायचं. उन्हात, दोन मनगटांत कॅन धरून. नाना उठून बाहेर जात. फाटकाशी कोणी नसे. समोरच्या रिक्षा स्टँडवरचे लोक विचारत, कोणाला शोधताय नाना? एकदा चारुलताबाईंनी दंडाला धरून आत आणलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याला पाणी नेऊन दे गं. ओठ फुटलेत त्याचे." बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी देवाला नारळ कबूल केला आणि लेकीला पुन्हा फोन केला. पण रोग देवाच्या हातचा नव्हता.

सोळा मार्चला सकाळी मोबाइल टिंग वाजला. हे मोबाइल हल्ली स्वतःहून जुने फोटो काढून दाखवतात, 'दोन वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी' असं वर लिहून, खाली फुलंबिलं टाकून. नाना चहा पीत होते. पडद्यावर पांढरी गाठ आली, तिच्यातली काळी पोकळी आली, आणि पोकळीच्या कडेला, फोटोच्या कोपऱ्यात, तेव्हा लक्षात न आलेली एक पट्टी बांधलेल्या हाताची सावली. फोनला कुठून कळायचं की हा फोटो कशाचा आहे. त्याने आपलं वर्षश्राद्ध पाळलं.

नानांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी प्रेमराजला फोन केला आणि मी खरं लिहितोय म्हणून सांगितलं.

प्रेमराज आधी हसला, मग ओरडला. "तू येडा शे का? दोन वरीसनं मढं उकरी ऱ्हायना? तुन्हं लायसन जाई, मन्हं जिन जाई. पोलीस लागतीन मांगे. आनि तो डायव्हर तं मरी गया. मरेल मानूसले कागद काय कामना?"

"त्याले नही," नाना म्हणाले. "माले."

प्रेमराजने फोन आपटला. पन्नास वर्षांची दोस्ती तिथे संपली, आणि नानांना त्याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दुपारी त्यांनी दरवाजा लावून घेतला आणि टाइप करायला बसले. गाठ, पोकळी, कोमटपणा, जिनातली ठिणगी, आपण काय पाहिलं आणि काय दडवलं. दोष मालाच्या अंगचा होता. चालकाने माल भरण्यापूर्वीच सूचना दिली होती. फोटो जोडला. एक प्रत विमा कंपनीच्या नावाने पाकिटात घातली आणि त्याच संध्याकाळी पोस्टात टाकून आले, उद्यावर ठेवलं तर हात मागे येईल हे त्यांना माहीत होतं. दुसरी प्रत धुळ्यासाठी.

त्यांनी सगळं चारुलताबाईंना सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बाईंनी ऐकून घेतलं. शिव्या घालतील, लायसन गेल्यावर खायचं काय म्हणतील, असं नानांना वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "त्या मुलीने चहा घेतला नव्हता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुम्ही जाऊन या. मी गाद्या शिवायला टाकते."

ईद दोन-तीन दिवसांवर आली होती. धुळ्याला उतरून, विचारत विचारत, नाना दुपारी तीनच्या सुमारास त्या गल्लीत पोचले. दोन खोल्यांचं घर, दाराला कापडी पडदा, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली हातगाडी. निलोफरने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. आत खाटेवर तिची आई, हसीनाबी, तसबीचे मणी ओढत बसली होती. शिंदखेड्याकडची बाई, बोली खेड्याची.

निलोफरने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. नानांना खरंच तहान लागली होती. त्यांनी अर्धा पेला घटाघटा पिऊन टाकला आणि मग त्या दोघींकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"आमचा रोजा आहे," निलोफर म्हणाली.

नानांच्या हातातला पेला तसाच राहिला. ओंजळीत पडणारं पाणी आठवलं. भेगाळलेले ओठ आठवले. तू पी ना. नही साहेब, तुम्ही प्या. इतके दिवस तो माणूस कॅन घेऊन फाटकाशी का बसत होता, ते त्यांना आता समजलं. त्याला पाणी नको होतं.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि पाकीट पुढे केलं. निलोफरने कागद मोठ्याने वाचून दाखवला, अवघड शब्द आईला समजावत. गाठीतला विस्तव, भटूची साक्ष, विडीचा काही पुरावा नव्हता हे कबूल. हसीनाबी मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "यामा रोजानं लिखेल नही."

"काय?"

"त्यासना रोजा व्हता, आसं लिखा."

नाना गडबडले. इतक्या वर्षांची सवय, आजसुद्धा आडवी आली. "बाई, ते मला कसं लिहिता येईल? मी त्या दिवशी तिथं नव्हतो. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते मला लिहिता येत नाही."

हसीनाबीची तसबी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात एखादी वस्तू कुठे मिळते असं विचारावं, तसं तिने विचारलं.

"मंग बिडी देखेल व्हती का तुम्ही?"

निलोफर खाली बघत होती. नानांना वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "नव्हती पाहिली."

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि टाइप केलेल्या मजकुराच्या खाली, सहीच्या वर उरलेल्या जागेत हाताने लिहिलं. निलोफरने ते वाचून दाखवलं.

"सोळा मार्च रोजी भर उन्हात चालक अन्वर यांनी भाजलेल्या हातांनी मला त्यांच्या कॅनमधले पाणी दिले. मी त्यांना प्यायला सांगितले. ते प्यायले नाहीत. मी तिथे तीन तास होतो. त्यांनी पाण्याचा एक थेंब घेतला नाही. विडी ओढणारा माणूस मी पाहिला नाही. रोजा धरलेला माणूस पाहिला."

"फिरीसन वाच," हसीनाबी म्हणाली.

निलोफरने पुन्हा वाचलं. या वेळी तिचा आवाज मध्येच अडला, तिने थांबून, पुन्हा त्या ओळीपासून सुरुवात केली. हसीनाबीने कागद घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत बघितला, चार घड्या घातल्या आणि कोनाड्यातल्या कापडात बांधलेल्या कुराणाशेजारी ठेवला. संध्याकाळी मशिदीत वाचायला द्यायचा, असं ती लेकीला म्हणाली.

नाना उठायला लागले. उजवा तळवा अजून कोमटच होता. वास गेला होता की नाही, ते त्यांनी हुंगून पाहिलं नाही.

"साहेब," हसीनाबीने पेल्याकडे बोट दाखवलं. "पानी पुरं पी ल्या. ऊन मोठं शे."

नाना पुन्हा खाली बसले. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि त्या दोघी बघत असताना उरलेलं पाणी तळापर्यंत प्याले.